पिवळ्या झाकणाची नळी

अहेरीच्या आठवडी बाजारात मटणाची रांग कुठे आहे हे विचारावं लागत नाही, नाकच माणसाला तिथे नेऊन सोडतं. त्या रांगेच्या टोकाला, पत्रूभाऊंच्या दुकानामागे, पाण्याच्या दोन घमेल्यांमध्ये एक बाई पाटावर बसलेली असते. ती नीलाबाई वेलादी. बोकडाची वजडी, म्हणजे पोट-आतडी, साफ करून देणं हे तिचं गेल्या तीस वर्षांचं काम. आधी चुन्याचं पाणी, मग गरम, मग थंड, आणि शेवटी नखाने खरवडणं. तिच्या हातून गेलेल्या वजडीत वाळूचा कण लागला असं म्हणणारा माणूस अहेरीत बरीच वर्षं जन्मालाच आला नव्हता. लोक तिच्यासमोरून जाताना नाकाला रुमाल लावतात आणि तासाभराने तीच वजडी पिशवीत लटकवून खुशाल घरी जातात. नीलाबाई मग मोठ्याने विचारते, "अन् खाताना नाक कुठी ठेवता, भाऊ?"

अशा बाईवर कुणी लिहीत नाही. वजडीवर लिहितात, तिखट किती आणि खोबरं किती म्हणून. पण नीलाबाईजवळ एक विद्या होती, आणि ती विद्या चंद्रपूरच्या एका मोठ्या कॉलेजाला कामी आली. विद्या जंतांची.

बोकडाच्या चौथ्या पोटात, आतल्या अंगाला चिकटलेले, बोटाच्या पेराएवढे बारीक लाल जंत असतात. तुम्हाआम्हाला ते सगळे सारखेच दिसतील आणि दुसऱ्यांदा बघायची इच्छाही होणार नाही. नीलाबाईला मात्र त्यांच्यातले बायका आणि पुरुष एका नजरेत कळतात. हे तिला तिच्या बाने शिकवलं. बा म्हणजे वारलू. अहेरीपासून बरंच आत, जंगलातल्या त्यांच्या गावात दरवर्षी धान घरात आलं की पेनठाण्यावर पूजा व्हायची. पेन म्हणजे त्यांचा देव, आणि ठाणा गावाबाहेर, ओढ्याच्या काठी. बोकड तिथेच कापायचा, तिथेच शिजवायचा, तिथेच खायचा. एक हाडसुद्धा घरी आणायचं नाही. वयात आलेल्या बायकांनी तिकडे जायचं नाही, असा गावाचा नेम. पण लहान पोरींना कुणी अडवत नसे. पोरगी मोठी होईपर्यंत ती लेकरांतली, आणि लेकरं पुरुषांच्या पंगतीत जेवायची.

नीलाबाई पाच-सहा वर्षांची असल्यापासून बासोबत जायची. ओढ्याच्या पाण्यात दोघं वजडी धुवायचे. बा पळसाच्या पानावर जंत काढून दाखवायचा.

"हे पाह्य. लालमंधी पांढरा दोरा गुंडाळल्यावानी दिसून राह्यला न, थे बुढी. तिच्या पोटात अंडे राह्यते. अन् हा सारा लाल, आखूड, शेपटीले छत्री फुलली, हा बुढा."

"अन् हे?" नीलाने एक बारीकसा लाल जंत काडीवर उचलून विचारलं. तो बुढ्यासारखाच सगळा लाल होता, पण शेपटीला छत्री नव्हती, शेपूट निमुळती होती.

"थे पोरगी हाय. तिले अजून पांढरं नाई आलं."

"मंग थे कोणाइतली?"

वारलू हसला. "तुह्यावानी. आता बुढ्याइसंग जेवते."

पोरीला हे फार आवडलं. ती सात वर्षं बुढ्यांसोबत जेवली. मग एका वर्षी पूजेच्या पंधरा दिवस आधी ती मोठी झाली, आणि पूजेच्या सकाळी आईने तिचा दंड धरून तिला दारात बसवलं. बा पुढे निघून गेला, त्याने मागे वळून पाहिलं नाही. ती दिवसभर दारात बसून राहिली. संध्याकाळी बा परत आला, तिच्याजवळ टेकला आणि म्हणाला, "यंदा वजडी नीट धुतली नाई कोणी. वाळू लागली दाताले." एवढंच. पण नीलाबाईने ते वाक्य आजवर जपून ठेवलंय. बाला आपली उणीव भासली, हे त्या वाक्यात होतं, आणि त्या वयात तेवढंच पुरेसं होतं.

पुढे तिचं लग्न झाडूशी झालं. झाडू लाकडाच्या डेपोवर चौकीदार होता, म्हणून ती अहेरीला आली. दोन मुलं झाली, वाढली, कामासाठी तेलंगणात गेली. तिने पत्रूभाऊंच्या दुकानामागे पाट मांडला तो कायमचा.

दोन वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी दिव्यानी नावाची एक पोरगी बर्फाची पेटी आणि कसल्या कसल्या नळ्या घेऊन पत्रूभाऊंसमोर येऊन उभी राहिली. गोंडपिपरीकडची, कापूस-सोयाबीनवाल्यांच्या घरची. कॉलेजात मोठी पदवी करत होती. म्हणाली, "भाऊ, बोकडाच्या पोटातले जंत पाहिजे."

पत्रूभाऊंना वाटलं, आपल्या मटणावर तक्रार आली. त्यांनी कानावर हात ठेवले. "आपल्या इथी जंत नाई, ताई. एकबी नाई."

मागून नीलाबाईने हाक मारली. "झूट काऊन बोलता, पत्रूभाऊ? इकडं ये पोरी. किती पाहिजे?"

तिथून त्यांची जोडी जमली. दिव्यानी दर बाजाराला यायची, गोट्यावर बसायची आणि चिमट्याने जंत उचलायची. नीलाबाईला तो चिमटा बघवत नसे. "चिमट्यानं त्याचं आंग फाटते वं," म्हणून तिने बांबूची एक काडी तासून, टोक पाण्यात भिजवून मऊ केली, आणि त्या काडीवर जंत असा अलगद यायचा की जणू त्यालाच तिथे यायचं होतं. दिव्यानीने काम सांगितलं. निळ्या झाकणाच्या नळीत नर, लाल झाकणाच्या नळीत माद्या. पांढरा पीळ दिसला की मादी, सगळा लाल तो नर. एका नळीत वीस, ना एक कमी ना एक जास्त. नळ्या सारख्या नसल्या तर मोजणी जुळत नाही.

पहिल्या दिवशी दिव्यानीला भरवसा नव्हता, आणि तिचंही बरोबरच होतं. तिने नीलाबाईने वेगळे केलेले पन्नास जंत कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातले. पन्नासच्या पन्नास बरोबर निघाले. पुढच्या बाजाराला ती आली ती "मावशी" म्हणतच आली.

एकदा नीलाबाईने विचारलं, "नर-माद्या येगळ्या करून तुले करायचं काय हाय? लगन लावते का त्याइचं?"

दिव्यानी हसली आणि मग समजावून सांगू लागली. तिला समजावण्याची हौस होती, आणि मावशीला ऐकण्याची. "मावशी, तुमच्या घरी मसाल्याचा डबा आहे न? तसा ह्या जंताच्या आंगातबी एक डबा असते. नराजवळ अन् मादीजवळ डबा जवळपास सारखाच. मंग मादीलेच अंडे काऊन येते?"

"काऊन?"

"कोणत्या वाटीवर झाकण हाय अन् कोणती उघडी हाय, त्याच्यावर हाय सारं. थे झाकणं लगित बारीक असतात. त्याइले मायक्रोआरएनए म्हणतात. मादीतले झाकणं येगळे, नरातले येगळे. कोणत्यात कोणतं, थे मी मोजून राह्यली. मादी एका दिवसात हजारो अंडे टाकते, मावशी. थे अंडे बंद करायचं झाकण सापडलं, तर औषध बनवता येईन कधी ना कधी."

नीलाबाईने थोडा विचार केला. "म्हणजे तू जंताच्या घरची सासू झाली. कोणती वाटी उघडायची अन् कोणती नाई, थे तू सांगशीन."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की पत्रूभाऊ सुरा हातात घेऊन मागे बघायला आले. पण हसून झाल्यावर दिव्यानीने सांगितलं की ती लहान असताना तिच्या आईच्या सात शेळ्या एका पावसाळ्यात गेल्या. गळ्याखाली पाण्याची थैली लोंबायची, पापण्या आतून पांढऱ्याफटक पडायच्या, आणि दवा पाजूनही जंत हटत नसत. शेवटची शेळी गेली तेव्हा आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. नीलाबाईने ओले हात लुगड्याला पुसले आणि पोरीच्या पाठीवर ठेवले. त्या दिवसापासून तिला ती पोर आपलीच वाटू लागली. आपल्याला मुलगी नाही, हे तिला तोवर कधी खुपलं नव्हतं. आता खुपू लागलं, आणि बाजाराच्या दिवशी तेवढं खुपेनासं झालं.

तर असं सगळं ठीक चाललेलं असताना ती गोष्ट घडली.

दिवाळीनंतरच्या तीन बाजारांत नर कमी पडले. कोवळ्या मात्र भरपूर होत्या, अजून पांढरं न आलेल्या. दिव्यानी पाठमोरी बसून नळ्यांवर तारखा लिहीत होती. निळ्या नळीत सतरा झाले आणि नर संपले. नीलाबाईने थाळीभर पाहिलं. वीस पाहिजेत, पोरीने बजावून सांगितलेलं. नळी कमी गेली तर तिची मोजणी जुळणार नाही. नीलाबाईने तीन कोवळ्या पोरी काडीवर घेतल्या आणि निळ्या नळीत सोडल्या. तिला यात काही चुकतंय असं क्षणभरही वाटलं नाही. पांढरं आलं नाही तोवर त्या बुढ्यांच्या पंगतीतल्याच. पुढच्या बाजाराला चार टाकल्या, त्याच्या पुढच्या बाजाराला दोन. मग नर पुन्हा पुरेसे निघू लागले आणि ती हे विसरूनही गेली.

होळीच्या आधी दिव्यानी आली ती धावतच आली.

"मावशी, जोहार! आपल्याले एक नवी गोष्ट सापडली. फक्त मादीतच दिसावं असं एक झाकण होतं. थे तीन नरांच्या नळ्यांत दिसलं. बारीकसं, पण दिसलं! सर म्हणे, मिसळ झाली असेल, त्या बाईचा डोळा चुकला असेल. मी म्हटलं, सर, सूर्य इकडचा तिकडं उगवेल, पण नीलामावशीचा डोळा चुकत नाई. लगित भांडली मी त्याइच्यासंग. म्हणजे थे झाकण नरातबी असते, कधी कधी! कोणीच लिहिलं नाई हे अजून. पुढच्या महिन्यात नागपूरले मोठ्या सभेत मांडून राह्यली मी." तिने पिशवीतून एक कागद काढला. "अन् हे पाहा. खाली आभार मानले न, तिथी तुमचं नाव आहे."

नीलाबाईला वाचता येत नव्हतं. कागद पत्रूभाऊंनी वाचला, मोठ्याने, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा. "नीलाबाई वेलादी, अहेरी." चार गिऱ्हाइकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांतल्या कुणाच्याही नाकाला रुमाल नव्हता.

"कोणत्या नळ्या म्हटलं तू?" नीलाबाईने विचारलं.

"दिवाळीनंतरच्या. लागोपाठ तीन बाजार."

नीलाबाईचे हात पाण्यातच थांबले. तिला सगळं आठवलं. सतरा आणि तीन. सोळा आणि चार. अठरा आणि दोन. ती सांगणारच होती, पण समोर पोरीचा चेहरा असा फुललेला होता. "चांगलं झालं, बेटा," ती म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःची चीड आली.

घरी आल्यावर तिने झाडूला सांगितलं. झाडू बाजेवर बसून दोरी वळत होता. "जंताच्या पोरी इकडच्या तिकडं झाल्या, त्यात काय आभाळ कोसळलं? कोणाले समजते?"

"थे पोरगी नागपूरले जाऊन सांगून राह्यली का हे नरातबी हाय म्हणून. अन् थे खोटं हाय. माह्यामुळं खोटं हाय. उद्या दुसऱ्या कोणी मोजलं तर हसतीन तिले."

"मंग सांगून टाक."

"सांगितलं तर तिच्या तीन महिन्याच्या कामाचा सत्यानाश. अन् थे माह्याकडं येईन का पुन्हा?"

झाडूने दोरी बाजूला ठेवली. तो बोलण्यात फार शहाणा माणूस नाही. नीलाबाईसमोर तर नाहीच. पण आता म्हणाला, "नाई सांगितलं, तर थे येईन. पण तू तिच्या तोंडाकडं पाहू शकशीन का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रूभाऊंनी बोकड कापला तेव्हा नीलाबाई डबा घेऊन हजर होती. तिने एकेक कोवळी निवडून मिठाच्या कोमट पाण्यात घातली. शेजारी चार नर आणि चार पांढऱ्या दोऱ्याच्या माद्या, दाखवायला. नुसतं तोंडी सांगून कुणी का मानावं? स्टीलच्या त्या डब्याचं झाकण सैल होतं. झाडूने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती डब्याभोवती दोनदा आवळली आणि बायकोला चंद्रपूरच्या गाडीत बसवून दिलं. गार झाले की जंत मरतात हे दिव्यानीनेच तिला सांगितलेलं; मोजणीला बर्फातले चालत, पण दाखवायला जिवंत हवे होते. म्हणून तिने डबा लुगड्याच्या आत, पोटाशी धरला. आलापल्ली गेलं, आष्टी गेली, वैनगंगेचा पूल गेला. कंडक्टरने दोनदा विचारलं, डब्यात काय आहे. "लेकरं," नीलाबाई म्हणाली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

चंद्रपूरला ती याआधी एकदाच आली होती, तेही दवाखान्यात. कॉलेज शोधायला तिला दोन तास लागले. प्रयोगशाळेच्या दारात तिने चपला काढल्या. आत दिव्यानी पांढऱ्या कोटात होती आणि खिडकीशी तिचे सर बसलेले, जाड चष्म्याचे, पिकल्या केसांचे.

"मावशी? तुम्ही इथी?"

नीलाबाईने रबर सोडलं, झाकण काढलं आणि डबा टेबलावर ठेवला. "ह्या पोरी हायेत," ती म्हणाली. "दिवाळीनंतर नर कमी पडले. तू वीस म्हटलं होतं. म्हणून मी ह्या पोरी निळ्या नळीत टाकल्या. एका बाजाराले तीन, एका बाजाराले चार, एका बाजाराले दोन. नवी गोष्ट कोणतीच नाई सापडली, बेटा. मीच केलं."

सर उठले. त्यांनी एक कोवळी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा लावून राहिले. मग दुसरी, मग तिसरी. "निमुळती शेपूट," ते म्हणाले. "मादी. पूर्ण वाढ न झालेली." त्यांनी दिव्यानीकडे पाहिलं. "तू यांना काय सांगितलं होतंस?"

"सगळा लाल तो नर," दिव्यानी कशीबशी म्हणाली.

"मग चूक यांची नाही. आपण सांगितलंच अर्धवट."

सुटायला एवढं दार पुरेसं होतं. नीलाबाईच्या जागी दुसरं कुणीही त्यातून बाहेर पडलं असतं. पण ती म्हणाली, "नाई साहेब. मले ठाव होतं ह्या पोरी हायेत म्हणून. ठाव असून टाकल्या."

"मग का टाकल्या?"

आणि मग त्या बाईने, जिने ही गोष्ट आपल्या मुलांनाही कधी सांगितली नव्हती, ती तिथे उभ्याउभ्या सांगितली. ओढा, पळसाचं पान, बा. "आमच्या गावात पोरगी मोठी होईस्तोवर बुढ्याइच्या पंगतीत जेवते. मीबी जेवली. मले वाटलं, ज्याइले अजून पांढरं नाई आलं, थ्या तिकडच्याच. अशी मोजायची आदत हाय मले."

सर हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगायला हवं. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग शांतपणे दिव्यानीला म्हणाले की तीन नळ्या बाद, आणि नागपूरला या वेळी जायचं नाही.

दिव्यानी तिला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "मावशी, त्याच दिवशी बाजारात सांगायचं होतं न. मी साऱ्याइले सांगत सुटली. तुमच्यासाठी भांडली मी."

"सांगायचं होतं," नीलाबाई म्हणाली. "तोंडच नाई उघडलं."

पोरीचे डोळे भरलेले होते आणि ती रागावलेलीही होती, दोन्ही एकदम. ती वळून गेली. गाडी निघाल्यावर नीलाबाईच्या ध्यानात आलं की डबा टेबलावरच राहिला. गोंडपिपरीच्या आसपास, वेचणी झालेल्या कापसाच्या शेतांकडे बघता बघता, ती पदर तोंडात धरून रडली. खरं बोलल्याने हलकं वाटतं म्हणतात. तिला तसं काहीच वाटलं नाही. आपण एक लेक कमावली होती आणि आज घालवली, एवढंच वाटलं.

पुढच्या बाजाराला दिव्यानी आली नाही. नीलाबाईने बांबूची काडी तरीही भिजत घातली होती. त्याच्या पुढच्या बाजारालाही आली नाही. पत्रूभाऊंनी विषय काढला नाही, उलट त्या दिवशी गिऱ्हाइकांना तेच दरडावत होते, "नाकाचा रुमाल काढा आधी." नीलाबाई वजडी खरवडत राहिली. एका गिऱ्हाइकाची वजडी परत आली, वाळू लागली म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या बाजाराला ऊन चांगलंच चढलं होतं. घमेल्याच्या पाण्यावर सावली पडली. दिव्यानी समोरच्या गोट्यावर बसली आणि तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून नीलाबाईपुढे ठेवला. झाडूने बांधलेली ट्यूबची पट्टी तशीच होती.

"तुमचा डबा," ती म्हणाली. "रिकामा आणला नाई."

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे गोंडपिपरीतही पाळतात आणि अहेरीतही. नीलाबाईला वाटलं, लाडू असतील. तिने ओल्या हातांनी पट्टी सोडली. आत नळ्या होत्या. नव्या, कोऱ्या, आणि सगळ्यांना पिवळी झाकणं.

"हे कोणासाठी?"

"ह्या पोरींसाठी." दिव्यानीने हात पुढे करून एक नळी उचलली. "मावशी, मी इतके दिवस मोठ्या माद्याच पाहून राह्यली होती. पोरी मी मोजल्याच नाई. सर म्हणे, त्या तीन नळ्यांत थे झाकण दिसलं, म्हणजे अंडे यायच्या आधीच पोरीत थे असू शकते. खरं का खोटं, येगळं मोजल्याबिगर समजत नाई. आता पहिल्यापासून मोजायचं. एक वर्ष जास्त लागेल मले."

"तुह्यं एक वर्ष गेलं माह्यापायी."

"गेलं."

नीलाबाईने खाली बघून विचारलं, "राग गेला का?"

"दोन बाजार लगित राग आला होता," दिव्यानी म्हणाली. "मंग बाजाराच्या दिवशी कॉलेजात करमेना."

नीलाबाईने थाळी पुढे ओढली. काडी मऊ झालेलीच होती, ती रोजच भिजवत असे. दोघी कामाला लागल्या. निळी नळी भरली, वीस. लाल नळी भरली, वीस. मग नीलाबाईने पिवळी घेतली. एक, दोन, तीन. बाराएक वर्षांची एक पोर दारात बसलेली तिला उगाच दिसत राहिली, पूजेच्या दिवशी, ना इकडची ना तिकडची. पाच, सहा, सात. थाळीत आता पांढऱ्या दोऱ्याच्या माद्याच उरल्या होत्या, हव्या तितक्या.

दिव्यानीने पेन काढलं. "किती झाल्या?"

"सात."

दिव्यानी थांबली. नीलाबाईने काडी खाली ठेवली होती.

"सातच लिही," ती म्हणाली.

दिव्यानीने सात लिहिले. "अन् नाव काय लिहू? निळीवर नर आहे, लालवर मादी आहे. हिच्यावर?"

नीलाबाईला त्या घडीला बाची फार आठवण आली. तो असता तर तिने त्याला दाखवलं असतं, बा, हे पाह्य, याइची पंगत येगळी मांडली.

"पोरी लिही," ती म्हणाली. तिने पिवळं झाकण घट्ट बसवलं आणि ती नळी बर्फात, निळ्या आणि लाल नळीच्या मध्ये, जपून उभी केली.